अर्ध्या तासाचा निबंध

गेल्या वर्षी आमच्या नात्यातली एक मुलगी जीआरईची परीक्षा देऊन घरी आली आणि न जेवताच आतल्या खोलीत जाऊन बसली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे भौतिकशास्त्रात बी.एस्सी., आणि आता अमेरिकेत जाऊन एम.एस. करण्याची इच्छा. अब्बूंनी परीक्षेची फी भरली ती घरातले दुसरे खर्च मागे ठेवून. गणिताचा भाग चांगला गेला होता. रडू येत होते ते निबंधाचे.

"मामू, माझं इंग्रजीच कच्चं आहे. मराठी मीडियमच्या मुलींनी या भानगडीत पडूच नये," ती म्हणाली.

आम्ही तिला एवढेच विचारले, "बेटा, तीस मिनिटांत काय काय केलंस, ते क्रमाने सांग."

तिने सांगितले. पहिली बारा मिनिटे प्रस्तावनेतच गेली होती. भारदस्त वाक्य सुचेना म्हणून तिने ती चार वेळा लिहिली आणि चार वेळा पुसली. मग एक मुद्दा झाला. दुसऱ्या मुद्द्याचे उदाहरण लिहिता लिहिता वेळ संपली. शेवट लिहिलाच गेला नाही. कोणती बाजू घेतली होती, असे विचारले तर म्हणाली, "दोन्ही बाजूंचं थोडं थोडं लिहिलं. ठाम काही लिहिलं आणि चुकलं तर?"

इंग्रजीपेक्षा येथे दोन गोष्टी कच्च्या होत्या. एक वेळेची आखणी, आणि दुसरी त्याहून महत्त्वाची, स्वतःचे मत कारण देऊन मांडण्याची सवय. या दोन्ही गोष्टी क्लास लावून जितक्या येतात, त्याहून जास्त घरात येतात. म्हणूनच हा विषय आम्ही मुलांइतकाच आईवडिलांसमोरही ठेवत आहोत.

परीक्षेत काय विचारतात?

जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा अमेरिकेतील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही संस्था घेते. सप्टेंबर २०२३ पासून तिचे स्वरूप आटोपशीर झाले आहे. आता संपूर्ण परीक्षा १ तास ५८ मिनिटांची असते. पूर्वी दोन निबंध लिहावे लागत. आता एकच, ३० मिनिटांचा, आणि तो परीक्षेच्या अगदी सुरुवातीलाच असतो. दुसऱ्या कोणाच्या युक्तिवादातील त्रुटी शोधण्याचा जो निबंध होता, तो रद्द झाला. जुन्या बाजारातून स्वस्तात आणलेल्या किंवा थोरल्या भावाकडून मिळालेल्या मार्गदर्शकात तो अजून असेल, तर ती पाने सोडून द्यावीत. आणखी एक गोष्ट: सगळ्याच विद्यापीठांना जीआरई लागते असे नाही. आपल्या विभागाला ती लागते का, हे फी भरण्याआधीच पाहून घ्यावे.

प्रश्नात सर्वसाधारण विषयावरचे एक विधान किंवा एक शिफारस देतात. शिक्षण, सरकार, समाज, विज्ञान, कला असे विषय असतात. विशेष ज्ञान लागत नाही. पण विधानाखाली एक स्वतंत्र सूचना असते, आणि घाईत मुले तीच वाचत नाहीत. एखादी सूचना म्हणते, तुम्ही किती सहमत आहात ते सांगा आणि हे विधान कुठे खरे ठरेल, कुठे नाही, त्याचा विचार करा. दुसरी म्हणते, तुमच्या मताला आव्हान देणाऱ्या सर्वांत भक्कम कारणांना उत्तर द्या. तिसरी म्हणते, हे धोरण अमलात आणले तर काय परिणाम होतील ते लिहा. अशा सहा प्रकारच्या सूचना आहेत. सूचनेला सोडून लिहिलेला सुंदर निबंधही गुण गमावतो.

गुण ० ते ६ असतात आणि ते अर्ध्या अर्ध्या गुणाने वाढतात. निबंध एक प्रशिक्षित परीक्षक वाचतो आणि एक संगणक प्रणालीही तपासते. दोघांत फार तफावत पडली, तर दुसरा परीक्षक वाचतो. कोणती बाजू घेतली याला गुण नसतात. ती कारणांनी आणि उदाहरणांनी कशी पेलली, याला असतात. स्पेलिंगची किंवा व्याकरणाची तुरळक चूक झाली म्हणून गुण कापले जात नाहीत. चुका इतक्या असतील की अर्थच लागू नये, तर मात्र कापले जातात. मराठी माध्यमाच्या मुलांनी ही गोष्ट कागदावर लिहून भिंतीवर लावावी.

पाच, वीस, पाच

तीस मिनिटांचे तीन भाग करावेत. पहिली पाच मिनिटे विचाराची, मधली वीस लिहिण्याची, शेवटची पाच समारोपाची आणि दुरुस्तीची. घड्याळ पळत असताना पाच मिनिटे काहीच टाइप न करता बसणे जिवावर येते. पण तीच पाच मिनिटे पुढची पंचवीस वाचवतात.

एक उदाहरण घेऊ. समजा असे विधान आले: कोणतेही कौशल्य पुस्तकापेक्षा जाणत्या माणसाच्या हाताखाली काम करून अधिक चांगले शिकता येते. हा विषय आम्हीच बनवलेला आहे. सूचना अशी की, तुम्ही किती सहमत आहात आणि हे कुठे लागू होणार नाही, ते सांगा.

कच्च्या कागदावर दोन रकाने करावेत. (घरून परीक्षा देणाऱ्यांना कच्चा कागद चालत नाही. त्यांनी पुसता येणारा छोटा पांढरा फळा आधीच आणून ठेवावा.) पहिल्या रकान्यात बाजूचे उदाहरण: कोकणातला तांडेल पाण्याचा रंग आणि वाऱ्याचा रोख पाहून होडी कुठे न्यायची ते ठरवतो. हे त्याने बापाबरोबर समुद्रावर जाऊन शिकलेले असते. भिवंडीच्या यंत्रमागावर तुटलेला धागा पटकन कसा जोडायचा, हेही पाहून आणि करूनच येते.

दुसऱ्या रकान्यात विरुद्ध उदाहरण: उस्तादाची चूक असेल तर तीही शागिर्दाकडे जाते. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात १८४७ च्या आधी डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींच्या वॉर्डात जात. वरिष्ठ तसे करत, म्हणून कनिष्ठही करत. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरीही अनेक वरिष्ठांना ते पटले नाही.

आता मत ठरते. बऱ्याच अंशी सहमत, पण पूर्ण नाही. हाताचे कसब उस्तादाकडून येते, मात्र ते कसब बरोबर आहे की नाही, हे तपासायला नोंदी आणि वाचन लागते. हे एक वाक्य तयार झाले की निबंध निम्मा झाला. पुढच्या वीस मिनिटांत चार परिच्छेद, प्रत्येकाला सुमारे पाच मिनिटे: तीन-चार वाक्यांत आपले मत, मग तांडेलाचा परिच्छेद, मग व्हिएन्नाचा, आणि चौथा विरोधी मुद्द्याचा. प्रस्तावना सुचत नसेल तर जागा सोडून दुसऱ्या परिच्छेदापासून सुरुवात करावी. संगणकावर लिहिताना वर परत जाता येते. आमच्या भाचीची बारा मिनिटे इथेच वाचली असती.

समोरच्याचे म्हणणे

चौथ्या परिच्छेदात मुले सर्वांत जास्त अडखळतात. विरोधी मुद्दा लिहिला तर आपलेच मत कमजोर होईल, अशी त्यांना भीती वाटते. वरच्या विषयात कोणी म्हणेल, सेमेलवाइस स्वतः तरी पुस्तकातून कुठे शिकला? तोही इस्पितळात काम करूनच शिकला. मुद्दा खरा आहे, आणि तो खरा आहे असे लिहावे. मग उत्तर द्यावे: त्याला दिशा मिळाली ती त्याच इस्पितळातील दोन प्रसूती विभागांच्या मृत्यूंच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर. एका विभागात डॉक्टर आणि विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुइणी, आणि डॉक्टरांच्या विभागात मृत्यू जास्त होते. नुसता वरिष्ठांचा हात पाहून हे दिसले नसते. असे उत्तर दिले की आपले मत कमजोर न होता पक्के होते.

ही रीत आपल्याला परकी नाही. इमाम गझाली (रह.) यांनी तत्त्वज्ञांचे खंडन करण्याआधी 'मकासिद अल-फलासिफा' या ग्रंथात त्यांचेच विचार नीट समजावून सांगितले. ते इतक्या प्रामाणिकपणे मांडले होते की, पुढे युरोपात त्याचे लॅटिन भाषांतर वाचणाऱ्यांनी गझालींनाच त्या तत्त्वज्ञांचा अनुयायी समजले! नंतर इब्न रुश्द यांनी गझालींना उत्तर दिले, तेव्हा आधी गझालींचा मजकूर द्यायचा आणि मग त्यावर बोलायचे, असा क्रम ठेवला. समोरच्याचे म्हणणे न मोडतोडता मांडणे हा इन्साफचा भाग आहे, हे आपल्या मुलांना वेगळे शिकवण्याची गरज पडू नये.

पाठांतराचा धोका

बाजारात तयार निबंध मिळतात, आणि आता मोबाइलवर सांगताच निबंध लिहून मिळतो. असे चार-पाच निबंध पाठ करून जाण्याचा मोह होतो. यात दोन धोके आहेत. सूचना बदलली की पाठ केलेले गैरलागू ठरते. आणि इतरांच्या लेखनाशी फार जुळणारा मजकूर आढळला, तर संस्था गुण रद्द करू शकते. हा झाला व्यवहार. त्यापलीकडे, जे आपले नाही ते आपले म्हणून देणे ही अमानतीत खयानत आहे, हेही मुलांना स्पष्ट सांगावे.

त्यापेक्षा सोपा आणि हलाल मार्ग उघडा आहे. परीक्षेत येऊ शकणाऱ्या विषयांची संपूर्ण यादी संस्थेने आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवली आहे. विषय बरेच आहेत, सगळ्यांवर निबंध लिहिणे शक्य नाही. पण रोज तीन विषय घेऊन प्रत्येकाला पाच मिनिटे द्यावीत: दोन रकाने, दोन उदाहरणे, एक वाक्याचे मत. पूर्ण निबंध आठवड्यातून दोनदा पुरे.

पूर्ण निबंध लिहिताना संगणकच वापरावा. परीक्षेतील लेखनपट्टीवर कापणे, चिकटवणे, मागे जाणे एवढेच होते. चुकीचे स्पेलिंग अधोरेखित होत नाही. म्हणून सराव साध्या नोटपॅडमध्ये करावा. साडेचारशे शब्द वीस मिनिटांत लिहायचे तर मिनिटाला बावीस-तेवीस शब्दांचा वेग लागतो. मोबाइलवर अंगठ्याने भराभर लिहिणारी मुले कीबोर्डवर चाचपडतात. घरात संगणक नसेल तर महाविद्यालयाच्या लॅबमध्ये किंवा ओळखीच्या कोणाकडे परीक्षेआधी दोन महिने रोज अर्धा तास बसण्याची सोय करावी. मुलींसाठी ही सोय घरच्यांनी पुढाकार घेऊन करावी लागते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

दस्तरखानावरचा सराव

आता आईवडिलांसाठी. आपल्या बऱ्याच घरांत मुलाने "मला तसं वाटत नाही" म्हटले की, "मोठ्यांना उलट बोलू नकोस" असे उत्तर मिळते. अदब शिकवलाच पाहिजे. पण अदबीने मतभेद सांगणे हाही अदबच आहे, आणि तो शिकवला नाही तर मूल दोनपैकी एक होते: गप्प किंवा उद्धट. परीक्षेच्या निबंधात दोन्हींचा उपयोग नाही. वीस वर्षे ज्या मुलीला तिचे मत कोणी विचारले नाही, तिच्याकडून अर्ध्या तासात परक्या भाषेत ठाम मताची अपेक्षा करणे हा तिच्यावर अन्याय आहे.

आमच्या भाचीच्या घरी आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. इशाच्या नमाजनंतर जेवायला बसले की एक विषय काढायचा. शाळेत मोबाइल असावा का? गावातली जुनी विहीर बुजवावी की राखावी? लग्नातला खर्च कमी करायचा तर सुरुवात कोणी करावी? तिने आपले मत आणि एक उदाहरण सांगायचे. मग अब्बूंनी विरोधी बाजू घ्यायची. तिने आधी "तुमचं म्हणणं असं आहे की..." म्हणून त्यांचे म्हणणे पुन्हा सांगायचे, अब्बूंनी "हो, हेच" म्हटले तरच उत्तर द्यायचे. सगळे मराठीत. भाषांतर नंतर होते, आधी विचार तयार व्हावा लागतो.

पहिले काही दिवस अब्बूंनाच राग आवरावा लागला. एकदा तर लग्नाच्या खर्चाच्या विषयावर जेवण थंड झाले. पण अम्मीने मोबाइलवर वेळ लावायला सुरुवात केली, आणि मग तीही बाजू घेऊ लागली.

जीआरई एकवीस दिवसांच्या अंतराने पुन्हा देता येते. तिने घाई केली नाही, तीन महिने घेतले. फजरनंतर अर्धा तास कीबोर्ड, रात्री दस्तरखान. दुसऱ्या वेळी शेवटचे वाक्य लिहून झाले तेव्हा तीन मिनिटे उरली होती. निबंधाला पहिल्यांदा तीन गुण मिळाले होते, या वेळी चार मिळाले. सहा नव्हे, चार. तिच्या अर्जासाठी ते पुरेसे होते, अलहम्दुलिल्लाह. प्रवेशाचा निकाल अजून यायचा आहे, वाचकांनी दुआ करावी.

विषय काढण्याची रीत मात्र त्या घरात चालू आहे. आता पाळी धाकट्या भावाची आहे. तो आठवीत आहे, आणि मागच्या आठवड्यात त्याने अब्बूंचे म्हणणे त्यांच्यापेक्षा चांगले मांडून दाखवले.