विश्लेषण : काळ्या दाण्यात नेमके कोणते प्लास्टिक? लॅब कसे ओळखते?

मालेगावात भंगार प्लास्टिकपासून दाणे आणि पाइप बनवणारे कारखाने आहेत. भंगारात पॉलिथिन (पीई) आणि पॉलिप्रॉपिलिन (पीपी) मिसळले, तर दोन्ही वितळतात. पण एकजीव होत नाहीत. असा पाइप कमकुवत निघू शकतो आणि फटका शेतकऱ्याला बसतो. मग भेसळ ओळखायची कशी?

पाण्याची चाचणी का पुरत नाही?
पीव्हीसी आणि बाटल्यांचे पेट पाण्यात बुडते. पीई आणि पीपी मात्र दोन्ही तरंगतात.

लॅबमध्ये काय होते?
• एफटीआयआर : नमुना कोणत्या इन्फ्रारेड लहरी शोषतो, यावरून प्लास्टिकची ओळख पटते. काळ्या मालात कार्बन ब्लॅकचा अडथळा येतो.
• डीएससी : काही मिलिग्रॅम नमुना हळूहळू तापवतात. एचडीपीई साधारण १३० अंश सेल्सिअसला, तर पीपी १६० ते १६५ अंशांना वितळते. आलेखावर दोन्ही ठिकाणी शिखरे दिसली, की माल मिश्र. शिखरांच्या आकारावरून प्रमाणाचा अंदाज येतो.
• टीजीए : नायट्रोजनमध्ये तापवल्यावर प्लास्टिकचे विघटन होऊन वायू बनतो. नंतर हवा सोडली की कार्बन ब्लॅक जळते. शेवटी उरते ती खनिज भरावाची राख.

चाचणी कुठे होते?
छत्रपती संभाजीनगरमध्ये ‘सिपेट’ या केंद्र सरकारच्या संस्थेचे केंद्र आहे.

काय लक्षात ठेवावे?
चाचणीला चिमूटभरच माल लागतो. त्यामुळे एकाच गोणीतल्या दाण्यांवरून पूर्ण ट्रकची खात्री देता येत नाही. वेगवेगळ्या गोण्यांतले नमुने द्यावेत.