घरपट्टीची सवलत : भिंती मोजून की खिसा पाहून?

घरपट्टीचे बिल हाती पडल्यावर कुणी पेढे वाटल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. तरीही दारासमोरचा दिवा, कोपऱ्यावरची पालिकेची शाळा आणि सकाळी कचरा नेणारी गाडी यांचा खर्च बऱ्याच अंशी याच पट्टीतून भागतो. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, मुंबईतली जकात संपली आणि या कराचे महत्त्व आणखी वाढले. म्हणून सवलत कुणाला द्यायची, हा केवळ दयेचा प्रश्न नाही. एकाला सूट दिली की तेवढा भार दुसऱ्यावर पडतो, नाही तर एखादे काम मागे राहते. मग ती सूट खऱ्या गरजूपर्यंत तरी पोहोचते का?

मुंबईचे उदाहरण घ्या. मार्च २०१९ मध्ये पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी मिळाली. पण माफ झाला तो फक्त सर्वसाधारण कर. मलनिस्सारण कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर ही मंडळी बिलात तशीच ठाण मांडून बसली होती. पूर्ण माफी आली ती जानेवारी २०२२ पासून. पुनर्वसनाच्या इमारतीत सव्वादोनशे चौरस फुटांत राहणाऱ्या कुटुंबांना तिचा खरोखर आधार झाला, हे मान्यच करायला हवे. पण ही माफी फक्त क्षेत्रफळ पाहते. वरळीतल्या साडेचारशे फुटांच्या महागड्या फ्लॅटला कर शून्य, आणि दहिसरला निवृत्तीचा सगळा पैसा ओतून घेतलेल्या सव्वापाचशे फुटांच्या घराला मात्र पुरे बिल. जास्तीच्या पंचवीस फुटांवर कर लागला असता तर एक वेळ समजता आले असते. इथे तो सगळ्याच फुटांवर लागतो.

पुण्याची कथा वेगळी. तिथे १९७० पासून स्वतःच्या घरात राहणाऱ्याला करपात्र मूल्यात ४० टक्के सवलत होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने ती थांबवली. अनेकांना फरकाची बिले आली. चाळीस टक्के सवलत गेली म्हणजे बिल चाळीस टक्क्यांनीच वाढले, असा पुष्कळांचा समज झाला. प्रत्यक्षात ढोबळ हिशेबाने सहा हजारांचे बिल दहा हजारांवर जाते, म्हणजे वाढ होते दोन तृतीयांश! ओरड झाली आणि मार्च २०२३ मध्ये सरकारने सवलत पुन्हा दिली. मात्र ज्यांची सवलत काढली गेली होती आणि ज्यांच्या घरांची आकारणी एप्रिल २०१९ नंतर झाली होती, त्यांना ‘पीटी-३’ नावाचा अर्ज भरून आपण त्याच घरात राहतो याचे पुरावे जोडावे लागले.

नोकरदाराला असा अर्ज म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा. पण पती गेल्यावर घर अजून त्यांच्याच नावावर असलेली एखादी सत्तरीची आजी? कागद जमवता न आल्याने अशा माणसांची सवलत राहून जाते. आणि भाडेकरू तर या हिशेबातच नाही. घरमालक स्वतः तिथे राहत नाही म्हणून सवलत नाही, आणि तो वाढलेला कर भाड्यात मिसळायला घरमालकाला कितीसा वेळ लागतो?

उत्पन्न पाहून सूट देता येत नाही, असे नाही. इंग्लंडमध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना ‘कौन्सिल टॅक्स’मध्ये देशभर एकाच नियमाने मदत मिळत असे. एप्रिल २०१३ मध्ये ती योजना मोडीत काढून प्रत्येक पालिकेला आपापली योजना करायला सांगितले गेले, आणि वर निधीही सुमारे दहा टक्क्यांनी कापला गेला. वृद्धांना संरक्षण राहिले. कात्री लागली ती कामाच्या वयातल्या गरिबांना. अनेक ठिकाणी पूर्वी काहीच न भरणाऱ्या कुटुंबांना थोडा तरी कर भरावा लागू लागला. म्हणजे पद्धत चांगली असून भागत नाही, तिच्यामागे पैसाही उभा करावा लागतो.

आपल्याकडे काय करता येईल? एक तर ५०० फुटांची रेघ कड्यासारखी न ठेवता उतरणीसारखी करावी. रेघेच्या थोडे पुढे गेलेल्यांना अंशतः सूट मिळावी. दुसरे, पिवळी आणि केशरी शिधापत्रिका सरकारनेच दिलेल्या आहेत. त्यांच्या आधारे सवलत थेट बिलातच उतरवता येईल, म्हणजे गरिबाला आपली गरिबी पुन्हा सिद्ध करत फिरायला नको. तिसरे म्हणजे, आज थकबाकीवर महिना दोन टक्के शास्ती लागते. वर्षाचे हे चोवीस टक्के होतात. उलट, लवकर भरणाऱ्याला सूट मिळते. पैसा हाती असलेल्याला बक्षीस आणि नसलेल्याला दंड, असा हा न्याय आहे. लहान घरांना शास्तीविना मासिक हप्ते दिले तर पालिकेचे पैसे बुडणार नाहीत आणि जूनमध्ये वह्या-पुस्तके आधी की घरपट्टी आधी, हा पेचही थोडा सुटेल.

पुढच्या वेळी कुणी उमेदवार करमाफीचे आश्वासन घेऊन दाराशी आला, तर किती फुटांना माफी देणार, हे त्याला जरूर विचारा. पण ती नेमकी कुणाला मिळणार आणि तिचे पैसे कोण भरणार, हेही विचारायला विसरू नका.