रस्त्याच्या पोटात दडलंय काय?

नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर धावून ठाणे जिल्ह्यात आमणे येथे पोहोचतो. नागपूर-शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला, इगतपुरी-आमणे हा शेवटचा जून २०२५मध्ये. प्रवासात आपण वेग मोजतो, टोल मोजतो. खालची जमीन मात्र आपल्या हिशेबात नसते. रस्ता बांधणाऱ्याची झोप उडवते ती हीच जमीन.

विदर्भातली काळी माती शेतकऱ्याची लक्ष्मी, पण अभियंत्याची डोकेदुखी. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर नुसते डांबर अंथरले तर रस्ता उंचसखल होऊन तडकणारच. म्हणून ती उकरून मुरूम भरतात, नाहीतर चुना मिसळून तिचा स्वभाव बदलतात आणि पाण्याला बाजूने वाट देतात. पुढे इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचे जुळे बोगदे आहेत. सह्याद्रीचा काळा पाषाण कठीण खरा, पण लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल, कच्चे पट्टे दडलेले असतात.

हा रस्ता 'ईपीसी' पद्धतीने झाला. म्हणजे आराखडा, खरेदी आणि बांधकाम एकाच कंत्राटदाराकडे, तेही ठरलेल्या रकमेत. काम झपाट्याने होते. पण अशी बोली लावताना जमिनीविषयी हाती असतात ते अंतराअंतरावर घेतलेले बोअर. मधली जमीन अंदाजाची! आम्ही बँकेत तारण पाहिल्याशिवाय कर्ज देत नसू. इथे तारणच जमिनीखाली.

मग अनपेक्षित चिखल लागला तर भुर्दंड कोणाचा? 'फिडिक' या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९९मध्ये कराराचे नमुने काढले. त्यांतल्या पिवळ्या पुस्तकात असा भार मालकावर आहे, चंदेरीत कंत्राटदारावर. भूमिगत कामांसाठी २०१९मध्ये पाचूच्या रंगाचे पुस्तक आले. जमीन कशी गृहीत धरली आहे ते करारातच लिहायचे आणि त्याहून वाईट निघाली तर मालकाने सोसायचे, असा त्याचा शहाणा मार्ग.

सगळा भार कंत्राटदारावर टाकणे सरकारला स्वस्त वाटते. पण तो एक तर बोली फुगवतो, नाहीतर नजर पोहोचणार नाही तिथे हात आखडता घेतो. दोन्हींचे पैसे शेवटी आपल्याच खिशातून जातात. निविदेआधी चार बोअर जास्त घेणे त्यापुढे किरकोळ. नव्या रस्त्याची घोषणा झाली की किती तास वाचतील, हे आपण हौसेने विचारतो. माती किती तपासली, हेही विचारायला हवे.