सर्व्हरवरील स्क्रिप्टमधून सुरक्षित ईमेल

गरज कुठे पडते
वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात लघुउद्योगांची दाटी आहे. अशा एखाद्या कारखान्यात हिशेबाच्या सर्व्हरचा बॅकअप रात्री घेतला जातो. तो पूर्ण झाला की फसला, हे कळवणारी स्क्रिप्ट क्रॉन ही सेवा ठरल्या वेळी चालवते. त्या वेळी पासवर्ड टाकायला तिथे कोणी नसते, म्हणून तो साठवून ठेवावाच लागतो. सुरक्षिततेचा मुख्य प्रश्न इथेच उभा राहतो.

पत्राचा मार्ग
जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या एसएमटीपी या ईमेल पाठवण्याच्या नियमांत पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय नव्हती. ती सोय आणि वाहिनी सांकेतिक करण्याची सोय, दोन्हींचे नियम १९९९ मध्ये आले. आज स्क्रिप्टने पत्र पोर्ट ५८७ किंवा ४६५ वरून मेल-सेवेकडे सोपवावे. ५८७ वर साधा संवाद सुरू होऊन टीएलएस या सांकेतिकरणाच्या पद्धतीने सांकेतिक होतो. ४६५ वर तो आरंभापासूनच सांकेतिक असतो. मेल-सर्व्हरच्या प्रमाणपत्राची तपासणी अडचण आली म्हणून बंद करणे घातक, कारण मग पासवर्ड कोणाच्या हाती पडतो याची खात्री उरत नाही.

पासवर्डची जागा
कमांडच्या ओळीतच लिहिलेला पासवर्ड चालू प्रक्रियांच्या यादीत इतरांना दिसू शकतो आणि शेलच्या इतिहासातही उरतो. स्क्रिप्टमध्ये लिहिला, तर स्क्रिप्टच्या प्रत्येक प्रतीबरोबर तो फिरतो. म्हणून तो वेगळ्या फाइलमध्ये असावा आणि तिची परवानगी ६००, म्हणजे वाचन-लेखन केवळ मालकाला, अशी असावी. पासवर्ड असलेली वापरकर्त्याची फाइल इतरांना खुली असेल, तर एमएसएमटीपी हे पत्र पाठवणारे साधन ती स्वीकारतच नाही. ही शिस्त योग्यच आहे. तीच फाइल रात्रीच्या बॅकअपमध्ये उघडी जात नाही ना, हेही पाहावे लागते. जीमेलसाठी नेहमीच्या पासवर्डऐवजी सोळा अक्षरी ॲप पासवर्ड वापरतात. त्यासाठी खात्यावर द्विस्तरीय पडताळणी चालू असावी लागते. मालकाचे खाते न वापरता सूचनांपुरते स्वतंत्र खाते ठेवले, तर पासवर्ड फुटला तरी हानी मर्यादित राहते.

विषय आणि मजकूर
पत्राच्या विषयात फाइलचे किंवा ग्राहकाचे नाव जसेच्या तसे घातले आणि त्यात नवी ओळ दडलेली असली, तर तिच्यामागून चोरटा प्राप्तकर्ता जोडता येतो. म्हणून नव्या ओळीची चिन्हे आधी काढून टाकावीत. मजकुरात केवळ निकाल आणि वेळ पुरे. ग्राहकांची यादी जोडू नये.

पत्रावरील विश्वास
पत्र बनावट नाही हे घेणाऱ्याला पटावे म्हणून डोमेनसाठी तीन सोयी असतात: डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात हे एसपीएफ सांगते, डीकेआयएम सही जोडते आणि दोन्ही न जुळल्यास काय करावे हे डीमार्क ठरवते.

मर्यादा
सर्व्हरने पत्र स्वीकारले म्हणजे ते वाचले गेले असे नव्हे. पावसाळ्यात वीज किंवा इंटरनेट गेले, तर पत्र निघतच नाही. पोस्टफिक्स हा मेल-सर्व्हर न गेलेले पत्र रांगेत ठेवून मूळ रचनेनुसार पाच दिवस प्रयत्न करतो. एमएसएमटीपी स्वतः रांग ठेवत नाही. त्यामुळे केवळ अपयश कळवणारी स्क्रिप्ट अपुरी ठरते. यशाचेही पत्र रोज निघावे आणि ज्या सकाळी ते आले नाही, त्या सकाळी सर्व्हर तपासावा.