सव्वीस अक्षरांचं भुयार

माझे अब्बा छापखान्यात खिळे जुळवायचे. लाकडी खणांत शिशाचे खिळे, एकेका खणात एकेक अक्षर. छपाई झाली की जुळवलेला मजकूर मोडायचा आणि खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. दुसऱ्या दिवशी त्याच खिळ्यांतून कुणाची लग्नपत्रिका निघे, कुणाचं दुखवट्याचं पत्र. अक्षरं तीच, मग रोज नवं काही कसं निघतं, याचं मला लहानपणी फार नवल वाटे.

हे नवल पुन्हा भेटलं ते भाच्याच्या संगणकावर. मी साधा बी.ए. झालेला माणूस, संगणकाशी माझं नातं कविता टाइप करण्यापुरतं. काळ्या पडद्यावर ठिपके, रेघा आणि इंग्रजी अक्षरं बघून मी म्हटलं, "अरे, बिघडलाय का हा?" तो हसला. "मामू, हा खेळ आहे. हे 'ॲट'चं चिन्ह दिसतंय ना, ते म्हणजे तुम्ही."

खेळाचं नाव 'रोग'. आजाराशी संबंध नाही. इंग्रजीत त्याचा अर्थ भामटा. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या सांताक्रूझ विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी तो रचला. त्या काळी गुहा-भुयारांत फिरवणारे शब्दखेळ होते, पण कोडं एकदा सुटलं की त्यांची गंमत संपे. रचणाऱ्याला तर सगळंच आधीपासून ठाऊक. आपल्यालाही चकवेल असा खेळ या दोघांना हवा होता. म्हणून त्यांनी भुयार आखलं नाही, भुयार आखण्याचे नियम लिहिले. प्रत्येक डावात संगणक फासे टाकल्यासारखा खोल्या, वाटा, खजिना नव्याने मांडतो. बर्कलीच्या केन अरनॉल्ड यांनी पडद्यावर हव्या त्या जागी अक्षर उमटवण्याची सोय करून ठेवली होती. तिच्या आधारावर हे उभं राहिलं. पुढे तेही या कामात आले.

चित्रं नव्हतीच. ए पासून झेडपर्यंतची सव्वीस अक्षरं म्हणजे सव्वीस राक्षस. बी म्हणजे वटवाघूळ, डी म्हणजे ड्रॅगन, झेड म्हणजे चालतं प्रेत. खाली सव्विसाव्या तळापर्यंत उतरायचं, 'येंडॉरचा ताईत' मिळवायचा आणि जिवंत वर यायचं. वाटेत सापडणाऱ्या औषधांचे रंग दर डावाला अर्थ बदलतात. आज निळ्याने बरं वाटेल, पुढच्या डावात तेच आंधळं करील. एका जागी फार रेंगाळलात तर अन्न संपून उपासमार होते. आणि मेलात की मेलात. खेळ थांबवून जपून ठेवता येतो, पण पुन्हा सुरू करताच ती जपलेली नोंद पुसली जाते. मागे फिरून चूक सुधारायची सोय नाही.

१९८३ साली बर्कलीच्या युनिक्स प्रणालीबरोबर हा खेळ विद्यापीठांमध्ये पसरला. नंतर घरगुती संगणकांसाठी काढलेल्या विकाऊ आवृत्त्या मात्र फारशा चालल्या नाहीत. तरी वंश वाढला. 'हॅक', त्यातून १९८७ चं 'नेटहॅक', आणि 'मोरिया', 'अँगबँड'. १९९६ च्या अखेरीस आलेल्या गाजलेल्या 'डायाब्लो'नेही याच घराण्याकडून पुष्कळ घेतलं. अशा खेळांच्या सगळ्या जातकुळीला आज 'रोगलाइक' म्हणतात. नावाला जागून रोग पसरला म्हणायचा!

त्या संध्याकाळी मी तिसऱ्याच तळावर मेलो. एका कोपऱ्यात उभा राहून विचार करण्यात माझं अन्न संपलं होतं. भाचा म्हणाला, "मामू, फार थांबलात."

ते मला लागलं. माझा पहिला कवितासंग्रह आपल्या हाताने जुळवावा अशी अब्बांची इच्छा होती. मालकांनी होकारही दिला होता. मी मात्र 'अजून दोन कविता सुधारतो' म्हणत एक वर्ष काढलं. त्या वर्षात आधी अब्बांची नजर अधू झाली, मग ते गेले. संग्रह पुढे निघाला तो ऑफसेटवर. छपाई सुबक आहे, पण त्यात त्यांचा हात नाही.

भाच्याने कळ दाबली. पडद्यावर नवं भुयार उघडलं. अक्षरं तीच होती. "खेळता?" त्याने विचारलं. या वेळी मी फार विचार केला नाही.