गव्हाच्या वाफ्यातलं निळं फूल

थंडीत निफाडचा पारा घसरला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा राज्यभर बातमीत येतो. द्राक्षबागाईतदाराच्या पोटात गोळा आणणारी ही थंडी गव्हाला मात्र मानवते. त्याच गव्हा-हरभऱ्याच्या वाफ्यांत, सरीच्या ओलीला, जेमतेम वीतभर वाढणारं एक तण फुलतं. वनस्पतिशास्त्रात त्याला ॲनागॅलिस आर्वेन्सिस म्हणतात. लिनियसने 1753मध्ये दिलेलं हे नाव अलीकडे बदलून लायसिमॅकिया आर्वेन्सिस झालं आहे. कूळ प्रिम्युलाचं, म्हणजे हिमालयात बर्फ वितळल्यावर फुलणाऱ्या देखण्या फुलांचं.

युरोपात हे फूल बहुधा शेंदरी-लाल असतं. 1905च्या ‘द स्कार्लेट पिम्पर्नेल’ कादंबरीचा नायक त्याचंच चिन्ह वापरतो. आपल्याकडे ते गडद निळं. मला आपलंच अधिक सुंदर वाटतं. पाकळ्या पाच, मधोमध जांभळट-तांबडा ठिपका, त्यातून वर आलेले पिवळ्या टोकांचे पुंकेसर, आणि त्यांच्या दांड्यांवर बारीक लव. फूल सेंटिमीटरभराचं, ही लव पाहायला भिंग हवंच. खोड चौकोनी, पानं समोरासमोर, बिनदेठाची. पान उलटं केलं की खाली काळे ठिपके दिसतात.

ऊन चढल्यावर फूल उघडतं, दुपार कलली की मिटतं. आभाळ आलं तर उघडतच नाही, म्हणून इंग्लंडमधले मेंढपाळ त्यावरून वेळ आणि पावसाचा अंदाज बांधत. या फुलात मध नसतो, त्यामुळे कीटक फारसे फिरकले नाहीत तरी नवल नाही. पण मिटताना पाकळ्या पुंकेसरांना कुक्षीकडे ढकलतात आणि फूल स्वतःच स्वतःचं परागण करून घेतं. मग देठ खाली वळतो. वाटाण्याहून लहान, गोल बोंड पिकतं आणि डबीचं झाकण निघावं तसा त्याचा वरचा अर्धा भाग अलगद सुटतो. बी मातीत पडतं आणि पुढच्या रब्बीची वाट पाहतं.

निंदणीत ते निघतं, तणनाशकाने जळतं, आणि पिकाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. उपटलेलं मात्र जनावरांपुढे टाकू नये. त्यात विषारी द्रव्यं असतात. पाहायचं असेल तर जानेवारीत, निंदणीतून सुटलेल्या बांधाच्या कडेला, सकाळी दहा-अकराच्या उन्हात गुडघे टेकून बसावं.