उडत्या तबकडीचा वेध

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे अशा जुन्या संस्थानी शहरांतील काही मराठी घरांत आजोबांची बारा बोअरची दुनळी अद्याप परवान्यानिशी जपून ठेवलेली आढळते. १९७२ साली वन्य जीव संरक्षण कायदा झाला, शिकारीचे दिवस सरू लागले, आणि ते सरले हे उत्तमच झाले. परंतु त्याच घरातला नातू, आणि अलीकडे नातसुद्धा, बंदुकीच्या मैदानावर जाण्याचा हट्ट धरू लागली की वडीलधारी मंडळी बिचकतात. हा खेळ धोक्याचा नाही ना? आणि तो केवळ श्रीमंतांचा नाही ना? अशा घरांसाठीच आम्ही हे लिहीत आहोत.

इंग्रजीत या खेळाला 'क्ले पिजन शूटिंग', म्हणजे मातीच्या कबुतरांची नेमबाजी, म्हणतात. हे नाव उगाच पडलेले नाही. पूर्वी पेटीतून खरी कबुतरे सोडून ती टिपण्याच्या शर्यती लागत. १९०० सालच्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही हा क्रूर प्रकार झाला. त्याच्या वीस वर्षे आधीच, १८८० मध्ये, अमेरिकेतील जॉर्ज लिगोव्स्की याने भाजलेल्या मातीची उडती तबकडी काढली होती. आजच्या तबकडीत माती नसते. चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा राळयुक्त पदार्थ यांची ती बनते. व्यास अकरा सेंटिमीटर, वजन सुमारे १०५ ग्रॅम. यंत्र ती भिरकावते आणि दोन-चार छर्रे नीट लागले तरी तिच्या ठिकऱ्या होतात.

खेळाचे मुख्य प्रकार दोन. 'ट्रॅप'मध्ये तबकडी खेळाडूच्या पुढील खंदकातून निघून दूर पळते. कोणत्या कोनात, हे आधी ठाऊक नसते. 'स्कीट'मध्ये डावी-उजवीकडच्या दोन घरांतून ठरलेल्या वाटेने तबकड्या सुटतात आणि खेळाडू अर्धवर्तुळावरील जागा बदलत जातो. आमचे मत विचाराल तर नवशिक्याने स्कीटच्या सातव्या जागेवरून, खालच्या घराच्या तबकडीने आरंभ करावा. ती जवळजवळ सरळ पुढे जाते. पहिल्याच दिवशी चार तबकड्या फुटल्या की उमेद टिकते, आणि या खेळात उमेद फार लवकर खचते.

ती खचण्याचे कारण असे की, नवा मनुष्य नेम धरतो! एक डोळा मिटून, नळीच्या टोकावरील माशीकडे पाहत तो तबकडीचा पाठलाग करतो. अर्जुनाला पोपटाचा डोळा दिसला, परंतु तो पोपट झाडावर स्थिर होता. येथे अधिक योग्य दाखला विटीदांडूचा. विटी टोलवताना दांडूकडे कोण पाहतो? दृष्टी विटीवर असते आणि हात आपोआप तेथे पोहोचतो. तसेच येथे दोन्ही डोळे उघडे ठेवून केवळ तबकडीकडे पाहावे. मात्र आपला कोणता डोळा प्रबळ आहे हे पहिल्याच दिवशी शिक्षकाकडून तपासून घ्यावे. उजव्या खांद्याने बंदूक धरणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ असेल, तर तो बिचारा विनाकारण महिनोन्‌महिने चुकत राहतो.

दुसरी गोष्ट गणिताची. छर्रे वीस मीटर अंतर तोडेपर्यंत सेकंदाचा सुमारे सतरावा भाग जातो. तेवढ्यात सेकंदाला वीस मीटर वेगाने आडवी जाणारी तबकडी सव्वा मीटरभर पुढे सरकलेली असते. म्हणून गोळी झाडावयाची ती तबकडी जेथे जाणार आहे तेथे, आणि चाप ओढल्यावरही बंदूक फिरतीच ठेवावयाची. बहुसंख्य नेम तबकडीच्या मागे जातात, कारण चाप ओढण्याच्या क्षणी हात थबकतो. हा थबका मोडणे म्हणजेच निम्मी प्रगती होय.

त्याकरिता दर वेळी काडतुसे जाळण्याची आवश्यकता नाही. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, घरी भिंत व छत जेथे मिळतात त्या रेघेवरून नळी संथपणे फिरवावी. दस्ता आधी गालाला, मग खांद्याला भिडावा. मान खाली झुकवू नये. रोज दहा मिनिटे पुरेत. मैदानावर वही ठेवून कोणत्या जागेवरची कोणती तबकडी निसटली, ते लिहावे. पंचवीसपैकी पाचावरून पंधरावर येणे बरेचसे लवकर साधते. वीसच्या पुढची एकेक तबकडी मात्र फार महाग पडते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका यांचे स्कीटमधील मिश्र जोडीचे कांस्यपदक ४३ विरुद्ध ४४ असे, एका तबकडीने हुकले.

आता धोक्याचा प्रश्न. मैदानावर बंदूक नेहमी मोडून, म्हणजे नळ्या उघड्या ठेवून, हाती धरतात. आपली पाळी आल्यावर जागेवर उभे राहूनच काडतूस भरतात. कानांवर आवरण आणि डोळ्यांवर चष्मा सक्तीचा. ही शिस्त जेथे ढिली दिसेल तेथून मुलाला खुशाल परत आणावे. आजोबांची दुनळी मात्र कौतुकाने लगेच बाहेर काढू नये. जुन्या बंदुकांतील काडतुसाचे घर पुष्कळदा ६५ मिलिमीटरचे असते, आजची काडतुसे बहुधा ७० ची. जाणत्या कारागिराने तपासल्यावाचून तिच्यातून एकही बार काढू नये. आरंभी क्लबची बंदूक पुरते.

खर्चाविषयी खोटा दिलासा आम्ही देणार नाही. प्रत्येक फेरीस पंचवीस तबकड्या लागतात, ट्रॅपमध्ये एका तबकडीला दोन काडतुसेही उडतात, आणि हिशेब झपाट्याने वाढतो. १९६२ साली कैरोला जागतिक रौप्यपदक मिळवणारे करणीसिंह बिकानेरचे महाराजा होते, हा योगायोग नव्हे. परंतु भोपाळच्या मध्य प्रदेश राज्य नेमबाजी अकादमीत शिकलेली मनीषा कीर ही मासेमारी करणाऱ्या घरातील मुलगी. तिने २०१८ मध्ये चांगवॉनच्या जागतिक स्पर्धेत कनिष्ठ गटात ट्रॅपचे रौप्यपदक पटकावले. माळव्यातील आमच्या वाचकांना भोपाळ दूर नाही. मुलात किंवा मुलीत खरी ओढ दिसली, तर बंदुकीच्या दुकानात जाण्यापूर्वी या अकादमीच्या निवड चाचणीची चौकशी करावी.